स्मृती हरवली तरी पाऊल थांबू नये

‘साठी बुद्धी नाठी’ असे आपण सहज म्हणून जातो. घरातले आजोबा चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधू लागले की सारे हसतात, आजोबाही हसतात. परंतु तेच आजोबा एक दिवस कोपऱ्यावरच्या वाण्याकडून घरी येण्याची वाट विसरतात, जेवण होऊन अर्धा तास झाला नाही तोच ‘मला कोणी जेवायला विचारीत नाही’ म्हणून रागावतात, वीस वर्षे घरात असलेल्या सुनेला ‘आपण कोणाच्या?’ असे विचारतात, तेव्हा ते हसू मावळते. हे नुसते म्हातारपण नव्हे. हा मेंदूचा आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात.

या आजारात औषधे काय द्यावी, यावर घराघरांत चर्चा होते. रुग्णाने दिवसभर हालचाल काय करावी, याचा विचार मात्र फारसा होत नाही. आजच्या लेखात आपण नेमका तोच विचार करणार आहोत. त्यातही एका नव्या साधनाची ओळख करून घेणार आहोत. ते साधन म्हणजे अंगाच्या हालचालींवर चालणारे व्हिडिओ गेम. नाव ऐकून दचकू नका. नातवाच्या हातातला बसल्या जागी खेळायचा खेळ वेगळा आणि हा वेगळा.

आजार किती, कोणाला?

जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्री-रुग्णाच्या मेंदूतील बदलांचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा अल्झायमरचा आजार हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश हे दुसरे मोठे कारण. आपल्याकडील मधुमेह व रक्तदाब पाहता ते विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मुंबईत या आजाराची मोजणी झाली आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत शहरातील चोविसाहून अधिक हजार लोकांची तपासणी झाली होती. पासष्टीच्या पुढील माणसांत शेकडा सुमारे अडीच जणांना स्मृतिभ्रंश असल्याचे तीत आढळले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज यापेक्षा बराच मोठा आहे. त्यानुसार साठीच्या पुढील भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे या आजारासह जगत आहेत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक आढळले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडमधल्या कुठल्याही जुन्या सोसायटीत चौकशी केली तर असे एखादे घर निघतेच. फक्त ते बोलून दाखवले जात नाही.

एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. विसरणारा प्रत्येक माणूस स्मृतिभ्रंशाचा रुग्ण नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, मनाची उदासी, कमी ऐकू येणे, काही औषधांचा परिणाम यांमुळेही माणूस विसराळू दिसतो आणि यांतील बऱ्याच गोष्टी उपचाराने सुधारतात. म्हणून घरच्या घरी शिक्का मारू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

काय जाते, काय राहते?

आठवण ही एकच गोष्ट आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात मेंदूत आठवणींची निरनिराळी खाती असतात. काल कोण आले होते, औषध घेतले की नाही, ही ताजी घटनांची आठवण मेंदूच्या ज्या भागात नोंदली जाते, तो भाग अल्झायमरमध्ये फार लवकर बिघडतो. परंतु हातापायांना जडलेल्या सवयींचे खाते वेगळे आहे. ते मेंदूच्या आतील गाठींमध्ये आणि मागच्या बाजूच्या लहान मेंदूत असते आणि बरेच दिवस टिकते.

म्हणूनच मुलीचे नाव न आठवणारी आजी कणकेचा गोळा हातात दिला की पोळी गोल लाटते. टाळ हाती आला की अचूक ठेका धरते. आयुष्यभर बोरिवली-चर्चगेट प्रवास केलेले आजोबा दाराशी गर्दी दिसली की आपोआप पिशवी छातीशी धरतात. मनाने सोडलेली गोष्ट शरीराने धरून ठेवलेली असते. हालचालींच्या खेळांचा सारा आधार हाच आहे. या खेळात ‘काल काय शिकलात ते सांगा’ असे कोणी विचारीत नाही. चेंडू समोर येतो आणि हात पुढे जातो, एवढेच.

खुर्चीचा धोका

मग अडते कुठे? अडते ते घरच्यांच्या भीतीपाशी आणि ती भीती खोटी नसते. उपनगरातले पदपथ उखडलेले, रिक्षा-मोटरसायकलींची गर्दी, इमारत जुनी असेल तर लिफ्ट नाही. त्यात माणूस एकदा रस्ता चुकलेला असेल तर घरचे त्याला बाहेर सोडायला धजत नाहीत. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत. मग आजोबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवले जाते, समोर टीव्ही लावला जातो आणि दिवस जातो. दार आतून बंद असते.

या खुर्चीची किंमत हळूहळू मोजावी लागते. मांड्यांचे स्नायू वाळतात. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात. बद्धकोष्ठता वाढते. दिवसा डुलक्या आणि रात्री जागरण, असे चक्र उलटे फिरू लागते. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय’ म्हणून चालणारी घालमेल वाढते. आणि एक दिवस न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पाय अडखळतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे पडण्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतरांच्या जवळजवळ दुप्पट असते. खुब्याचे हाड मोडले की शस्त्रक्रिया, अंथरूण, त्यातून वाढणारा गोंधळ, आणि पुष्कळदा परत पूर्ववत चालणे नाही. पडण्याच्या भीतीने ज्याला बसवून ठेवले, तोच बसून राहिल्यामुळे पडतो.

यात आणखी एक बारकावा आहे. स्वीडनमधील वृद्धांचा एक छोटा अभ्यास १९९७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. चालता चालता बोलायला लावले की जे वृद्ध थांबतात, त्यांच्या पडण्याचा धोका अधिक, असे त्यात दिसले. चालणे आणि लक्ष देणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करणे मेंदूला जड जाते, असा याचा अर्थ. घरात आपण सतत हेच करीत असतो. दाराची घंटा वाजते, कोणी हाक मारते, पाय चालूच असतात. तेव्हा व्यायाम असा हवा की ज्यात पाय आणि लक्ष दोन्ही एकत्र कामाला लागतील.

कामातून उपचार, खेळातून व्यायाम

रुग्णाला केवळ कवायत न देता हाताला काम, मनाला रस वाटेल अशी कृती द्यावी आणि तिच्यातूनच उपचार साधावा, ही कल्पना आपल्या मुंबईला नवी नाही. भारतात ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे व्यवसायोपचाराची मुहूर्तमेढ कमला निंबकर यांनी येथेच रोवली. १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात या शास्त्राचे शिक्षण देणारी शाळा त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. हालचालींचे व्हिडिओ गेम ही त्याच विचाराची आजची पायरी म्हणता येईल.

हे खेळ चालतात कसे, ते पाहू. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ साली ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. टीव्हीच्या रिमोटसारखी एक कांडी हातात धरायची. तिच्यात हालचाल ओळखणारा भाग असतो. हात मागे नेऊन पुढे आणला की पडद्यावर चेंडू घरंगळत जातो आणि समोरच्या बाटल्यांसारख्या खुंट्या पाडतो. पुढे याच यंत्रासाठी पाटासारखी एक फळी निघाली. तिच्यावर उभे राहिले की शरीराचा भार कोणत्या पायावर किती आहे हे तिला कळते. २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणले. त्यात हातात काहीच धरावे लागत नव्हते, कॅमेराच अंगाची हालचाल ओळखत असे. ही दोन्ही यंत्रे आता तयार होत नाहीत, परंतु त्यांनी दाखवलेली वाट चालू आहे. आज हालचाल ओळखणाऱ्या कांड्या असलेली नवी यंत्रे मिळतात. संगणकाच्या साध्या कॅमेऱ्यावर चालणारे खेळही निघाले आहेत. परदेशांतील काही वृद्धाश्रमांत आणि पुनर्वसन केंद्रांत कठडा असलेला खास चौथरा वापरतात. पडद्यावर ज्या दिशेची खूण येईल त्या दिशेला पाऊल टाकायचे, कठडा धरून. मुलांच्या नाचाच्या मॅटचेच हे मोठ्यांसाठी केलेले रूप म्हणा ना.

संशोधन काय म्हणते?

बेल्जियममधील दोन वृद्धाश्रमांत अशा चौथऱ्याचा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्यात ४५ रुग्ण होते, सरासरी वय ८५ च्या घरात. एका गटाला आठवड्यातून तीनदा, दर वेळी पंधरा मिनिटे पावलांचा खेळ दिला. दुसऱ्या गटाला तेवढाच वेळ आवडीच्या गाण्यांच्या चित्रफिती दाखवल्या. आठ आठवड्यांनंतर खेळणाऱ्या गटाचे चालणे सुधारले, पाऊल उचलण्यास लागणारा वेळ कमी झाला, उदासी कमी झाली आणि बुद्धीच्या चाचणीतही त्यांची कामगिरी दुसऱ्या गटापेक्षा चांगली ठरली. प्रयोग लहान होता हे खरे. परंतु पंच्याऐंशीव्या वर्षी पंधरा मिनिटांत एवढे घडू शकते, ही गोष्ट उमेद देणारी आहे.

नेदरलँड्समध्ये ११५ रुग्णांवर झालेला प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. तेथे जागेवर चालवायची सायकल पडद्याला जोडली होती. पडद्यावरच्या रस्त्याने जाता जाता रुग्णांनी छोटी छोटी कामे लक्षपूर्वक करायची, असा तो खेळ. बारा आठवड्यांनंतर त्यांच्या मेंदूचा प्रतिसाद जलद झाला, शरीराचा अशक्तपणाही कमी झाला. मात्र घटनांची आठवण वाढली नाही.

आणि एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. इंग्लंडमध्ये ४९४ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला चार महिने चांगलाच जोरदार व्यायाम देण्यात आला. २०१८ साली त्याचे निष्कर्ष आले. व्यायाम करणाऱ्यांची शारीरिक ताकद वाढली, पण बुद्धीची घसरण काही मंदावली नाही. तेव्हा जाहिरातीत कोणी ‘या खेळाने अल्झायमर बरा होतो’ असे सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. अल्झायमर मुळापासून बरा करणारा उपाय आज नाही. खेळाकडून आशा धरायची ती पाय मजबूत राहण्याची, तोल सुधारण्याची, दिवस आनंदात जाण्याची. आणि ही आशा लहान नाही. जो माणूस स्वतःच्या पायांनी न्हाणीघरापर्यंत जातो, त्याचे स्वतःचे जगणे आणि त्याची काळजी घेणाऱ्याचे जगणे, दोन्ही सुसह्य होतात.

घरी कसे खेळावे?

समजा, मुलुंडच्या दोन खोल्यांत राहणारे अण्णा आहेत. वय ७६, स्मृतिभ्रंश सुरुवातीच्या टप्प्यात, चालता येते. डॉक्टरांनी हरकत नाही असे सांगितले आहे. नातवाकडे हालचालींचा खेळ आहे. आता पुढे काय करावे?

वेळ ठरवा. सकाळचा चहा, आंघोळ, नाश्ता आटोपल्यावर दहा-अकराचा सुमार उत्तम. कातरवेळी रुग्णाचा गोंधळ वाढतो, तेव्हा खेळ नको. वेळ आणि जागा रोज तीच ठेवा.

जागा मोकळी करा. टीपॉय, चटई, वायरी बाजूला सारा. हात पसरून एक पाऊल चहूबाजूंनी टाकता येईल एवढी जागा पुरते. मागे भिंतीला टेकवून जड लाकडी खुर्ची ठेवा. प्लास्टिकची हलकी खुर्ची सरकते, ती नको. फरशी कोरडी हवी. पायांत नुसते मोजे नकोत. अनवाणी किंवा न घसरणारे बूट चालतील. लुंगी, धोतर वा साडीचा घोळ पायांत येणार नाही असे पाहा. चष्मा आणि ऐकण्याचे यंत्र लावलेले असावे. कांडीचा पट्टा मनगटात अडकवावा, नाहीतर ती सुटून टीव्हीवर आदळते.

समजावू नका, दाखवा. नियम सांगत बसले की रुग्ण गोंधळतो. आधी तुम्ही स्वतः समोर उभे राहून खेळा. त्यांना पाहू द्या. मग कांडी हातात द्या आणि एका वेळी एकच सूचना करा. ‘अण्णा, हात मागे घ्या. हं, आता सोडा. वा, सगळ्या पाडल्यात की!’ एवढेच. चुकले तर दुरुस्त करू नका. पडद्यावर उशिराने का होईना, काहीतरी घडले याचाच त्यांना आनंद होतो.

बसून सुरुवात करा. पहिले काही दिवस खुर्चीत बसूनच हातांचा खेळ. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभ्याने. पावलांचा खेळ सर्वांत शेवटी आणि तोही शेजारी दुसरे माणूस उभे असतानाच. पाच मिनिटांपासून सुरुवात करून हळूहळू पंधरा मिनिटांपर्यंत जावे. आठवड्यातून तीन वेळा पुरे.

एकच खेळ ठेवा. रोज नवा खेळ हा तरुणांचा शौक. रुग्णाला ओळखीची गोष्ट बरी वाटते. क्रिकेट खेळलेल्याला बॅट फिरवण्याचा, नाचाची आवड असलेल्या आजींना तालावर हात हलवण्याचा खेळ द्यावा. गती कमीत कमी ठेवा, आवाज मंद ठेवा. गुण दाखवणे बंद करता आले तर करा. काही खेळ शेवटी ‘तुमच्या शरीराचे वय अमुक’ असे सांगतात. ते तर अजिबात नको. आपण कमी पडतो आहोत हे या माणसाला दिवसभर जाणवत असतेच, यंत्राने त्यात भर घालू नये.

परीक्षा घेऊ नका. ‘काल कोणता खेळ खेळलो, सांगा बघू?’ हा प्रश्न विचारू नये. अण्णांना काल खेळल्याचे आठवणार नाही. पण चार आठवड्यांनी कांडी हातात येताच त्यांचा हात आपणहून मागे जाऊ लागेल, तेव्हा शरीराने शिकलेले तुम्हाला दिसेल.

फायदा होतो आहे का, हे आठवणीवरून ठरवू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तीन गोष्टींची खूण करा: खुर्चीतून उठताना हात टेकावे लागले का, रात्री झोप कशी लागली, संध्याकाळची घालमेल किती झाली. दोन महिन्यांनी ती पाने डॉक्टरांना दाखवा.

केव्हा थांबावे, कोणी खेळू नये?

धाप लागणे, छातीत दुखणे, चक्कर, चेहरा पांढरा पडणे, असे काही दिसले तर लगेच बसवावे व डॉक्टरांना कळवावे. रुग्ण कांडी आवळून धरू लागला, तोंड फिरवू लागला, चिडला, तर समजावे की आज पुरे. जबरदस्ती करू नये. सक्तीचा खेळ हा खेळच नव्हे.

हृदयविकार, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, गुडघ्यांची तीव्र दुखणी, हाडांचा ठिसूळपणा असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. झोपेची, मनशांतीची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील तर तोल जाण्याचा धोका वाढतो, तेही सांगावे. ज्यांना नसलेली माणसे दिसतात, त्यांना पडद्यावरच्या आकृत्या खऱ्या वाटून भीती बसू शकते. त्यांच्यासाठी हा खेळ टाळलेला बरा. डोळ्यांवर बंद चष्मा चढवून खेळायचे जे नवे प्रकार आहेत, ते घरी मुळीच वापरू नयेत. सभोवतालचे दिसत नसताना पाऊल टाकणे या रुग्णांना धोक्याचे आहे.

यंत्र नसेल तर?

हजारो रुपयांचे यंत्र प्रत्येकाला परवडणार नाही आणि त्यावाचून अडतही नाही. मूळ तत्त्व ध्यानात घ्या. समोरून खूण यावी, तिच्याकडे लक्ष जावे, अंग हलावे आणि लगेच काहीतरी गंमत घडावी. हे घरातही साधते.

फुगा हे सर्वांत स्वस्त साधन. तो हळू येतो, लागत नाही. खुर्चीत बसून आजोबा आणि नातू एकमेकांकडे फुगा टोलवू लागले की दहा मिनिटे कशी गेली कळत नाही. पावलांसाठी, मुली ठिकरी खेळताना आखतात तशा चार चौकटी फरशीवर फिक्या खडूने आखाव्या आणि ‘पुढे’, ‘डावीकडे’ असे सांगत, हात धरून पाऊल टाकायला लावावे. चौकटी गडद रंगाने भरू नयेत. या रुग्णांना जमिनीवरचा काळा पट्टा खड्ड्यासारखा दिसतो आणि ते थबकतात. भजनाचे टाळ, लेझीमच्या हातवाऱ्या, भोंडल्याच्या दिवसांत खुर्च्यांचे रिंगण करून बसल्या बसल्या धरलेला फेर, हे सारे लक्ष आणि हालचाल एकत्र आणणारेच खेळ आहेत.

समूहाचे बळ उपनगरांनी पूर्वीच दाखवून दिले आहे. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला संकुलातील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच जणांना घेऊन हास्य क्लब सुरू केला. पुढे तो जगभर गेला. सकाळी बागेत हात वर करून हसणारे आजी-आजोबा आज कोणाला नवे नाहीत. आपल्या सोसायटीच्या किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या अशा मंडळात स्मृतिभ्रंशाच्या एका सदस्यालाही सामावून घ्यावे. सोबतीला घरचे माणूस असावे आणि बाकीच्यांनी त्याच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे, एवढीच अपेक्षा.

काळजी घेणाऱ्यांसाठी

या आजाराचा सर्वांत मोठा भार घरातल्या एकाच व्यक्तीवर पडतो. बहुतेक वेळा ती पत्नी किंवा सून असते. ‘सूनबाई, आता खेळही तुम्हीच घ्या’ असे सांगून तिच्यावर आणखी एक काम लादणे अन्यायाचे होईल. हे काम नातवंडांचे आहे. आजोबांच्या विचित्र वागण्याने मुले बिचकतात, त्यांच्यापासून दूर राहू लागतात. खेळ हे त्या दोघांना पुन्हा जवळ आणणारे निमित्त आहे. येथे मुलाला आजोबांची ओळख पटवून द्यावी लागत नाही, दोघे एकाच बाजूने खेळतात. सुट्टीच्या दिवशीची ती पंधरा मिनिटे सुनेला निवांत चहा घेऊ द्यावी.

मदत मागण्यात संकोच नको. अल्झायमरच्या रुग्णांसाठी १९९२ साली केरळात स्थापन झालेल्या ए.आर.डी.एस.आय. या राष्ट्रीय संस्थेची शाखा मुंबईत आहे. १९९५ पासून मुंबईत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या डिग्निटी फाउंडेशननेही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी दिवसा सांभाळ करणारी केंद्रे चालवली आहेत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही आणि मनाच्या तक्रारींसाठी १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी आहे. काळजी घेऊन थकलेल्या घरच्यांनीही दुसरा क्रमांक जरूर लावावा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : टीव्हीसमोर बसल्याने डोळे व मेंदू आणखी बिघडणार नाही का?
उत्तर : तासन् तास बसून पाहणे वाईटच. येथे पडदा पंधरा मिनिटे आणि तोही अंग हलवण्यासाठी आहे. खेळ संपला की टीव्ही बंद करावा.

प्रश्न : आईचा आजार फार पुढे गेला आहे. ती फारशी बोलत नाही. तिला उपयोग होईल का?
उत्तर : यंत्राच्या खेळाचा उपयोग सुरुवातीच्या व मधल्या टप्प्यात अधिक होतो. पुढच्या टप्प्यात ओळखीचे गाणे लावून हळूच हात धरून हलवणे, फुगा हातात देणे, आधाराने चार पावले चालवणे, एवढे पुरे.

प्रश्न : रोज फिरायला नेतो. मग खेळाची गरज काय?
उत्तर : फिरणे सुरक्षितपणे होत असेल तर ते सोडू नका. खेळ हा पावसाळ्यातला, रस्ता खोदलेल्या दिवसांतला किंवा फिरायला नेणारे कोणी नसतानाचा सोबती आहे. शिवाय त्यात लक्ष आणि तोल यांचा सराव एकत्र होतो.

प्रश्न : वडील म्हणतात, ‘मी काय पोर आहे का?’
उत्तर : त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यांना ‘खेळा’ असे सांगू नका. ‘अण्णा, याला जरा शिकवा, याला टाकता येत नाही’ असे म्हणून नातवाला पुढे करा. शिकवणाऱ्याचा मान मिळाला की बहुतेक वडीलधारी माणसे कांडी हातात घेतात. तरीही नाही म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी फुगा घेऊन पाहा.

शेवटी एकच सांगणे. औषधाची गोळी रोज न चुकता दिली जाते, कारण ती डब्यात मोजून ठेवलेली असते. आठवड्यातल्या तीन दिवसांची पंधरा मिनिटेही तशीच मोजून ठेवावी. यंत्र असो वा फुगा, समोर आपले माणूस उभे असले पाहिजे.

(पुढील आठवड्यात : स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचे जेवण व पाणी)